पावलावरचा ठोका

— अहो, उठताय कुठे? झोपा बघू. एक्स-रे चांगला आलाय, मान्य. हाड मोडलेलं नाही, तेही मान्य. पण शिडीवरून पडलात तेव्हा गुडघा पार निखळला होता, आणि तुम्हाला उचलून गाडीत घालताना आपोआप जागेवर बसला — वहिनींनीच सांगितलं ना मला? बसला म्हणजे झालं, असं नसतं हो. मी डॉक्टर नाही, प्लास्टरवाला आहे — पण सत्तावीस वर्षं या खोलीत लोकांचे पायच धरत आलोय — हसा, हसा — पण ऐका. गुडघ्याच्या मागून एक रक्तवाहिनी जाते, खाली पावलापर्यंत तीच रक्त नेते. गुडघा निखळताना ती ताणली जाते, आतून चिरते. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. सुरुवातीला रक्त जातंसुद्धा — मग तिथे गाठ धरते, वाट बंद. सहा तास, फार तर आठ, तेवढ्यात उघडली नाही तर पाय गेला. म्हणून पावलावर ही पेनाची फुली. दर पंधरा मिनिटांनी इथे ठोका बघायचा. डॉक्टर ऑपरेशनला आहेत, ते येईपर्यंत हे काम माझं.

धाप? जिन्याची. दर वेळी बघण्याआधी दोन मजले चढून उतरून येतो मी. इथे सगळे वेडा म्हणतात — वॉर्डातल्या मावशी विचारतात, पोट उतरवताय का! विचारू देत. अहो, बोट जोरात दाबलं ना, की बोटातला आपलाच ठोका आपल्याला लागतो, आणि वाटतं पेशंटचा आहे. माझं काळीज असं धावत असलं की घोळ होत नाही — संथ तो तुमचा, पळतो तो माझा.

कुणी शिकवलं? कोण शिकवणार — होता एक माणूस. असाच गुडघा, असाच आपोआप बसलेला. तीन वेळा बघितलं मी, तीन वेळा कागदावर लिहिलं, ठोका आहे. डॉक्टरांनी विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की! मला तो हवाच होता ना — बोट रुतवून रुतवून शोधत होतो. ताईला म्हटलं, रडू नकोस, दाजींचं पाऊल छान आहे, मी — हो. दाजी. सख्ख्या बहिणीचा नवरा. दुसऱ्या दिवशी मांडीपासून काढला पाय. सगळे म्हणाले, नशीब. ताई म्हणाली, तू होतास म्हणून धीर होता रे. अजून जेवायला बोलावते, आणि दाजी खुर्चीतून म्हणतात, वाढ गं त्याला, काही खात नाही हा — मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यांचा नव्हताच तो ठोका. माझा होता. हे आजवर कुणालाच — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगत बसलो मी? बाहेर बोलू नका, वहिनींनासुद्धा नाही.

आणा पाय. साडेबारा झाले, नऊला पडलात — ठीक. अंगठा हलवा. मुंग्या? कधीपासून? आणि आत्ता सांगताय! घरी जायचं होतं म्हणून? धन्य आहे तुमची. गप्प राहा जरा. हं... हं, लागला. लागला हो! मस्त पळतोय —

थांबा. मनगट द्या तुमचं. द्या ना लवकर. हा संथ आहे. आणि इथे फुलीवर... हा पळतोय. थोडं सैल धरतो. थोडं अजून.

मावशी! अहो मावशी, ऑपरेशनचं दार वाजवा — आत्ताच्या आत्ता! डॉक्टरांना म्हणावं, पावलात काही नाही. नाही, बघितलं मी, नीट बघितलं. तिथे मीच आहे.