अकरा महिने आणि अक्काताईची खोली

मी मुरगूडची. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न करून कोल्हापुरात आले, न् त्याच साली आमच्याच आळीतली अक्काताई पण हितंच दिली. आमच्या ह्यांना कारखान्याची खोली मिळाली, तिचा नवरा पेठेत भाड्यानं राहिला, तवा मी तोऱ्यात असायची. पण काय सांगू तुम्हाला, पावणं, हे रिटायर झाले न् खोली गेली. तवापासनं अकरा महिन्यांचे करार. संपला की मालक म्हणणार, भाडं वाढवा, न्हायतर दुसरी बघा. भिंतीला खिळा मारायचा न्हाय, हे वारले तवा ह्यांचा फोटोबी मी खुर्चीवर ठेवला.

आणि अक्काताईला मुदतच न्हाय. सासऱ्याच्या नावची जुनी भाडेपावती, नवरा गेला तरी ती राहतिया तोवर उठ म्हणायची कुणाची टाप न्हाय. तिनं फळ्या ठोकल्या, दारात शेवगा लावला, मालकाला इचारलंसुदिक न्हाय. वर मलाच म्हणायची, शेंगा न्हे की गं. न्यायची मी, पण आमटी गोड लागायची न्हाय. लोक सांगत्यात, जुन्या भाडेकरूचेबी हाल, मालक कौलं बदलत न्हाय, पाणी गळतंय. गळू दे की! खाली पातेलं ठेवावं न् राहावं.

आता औंदा तिचा गुडघा गेला. लेक चंदगडला न्यायला आली, पण खोलीला कुलूप घालून भागत न्हाय, वापर न्हाय म्हणून मालक कोर्टात जाईल, ही धास्ती. नेमका माझा करार संपलेला. अक्काताई म्हणाली, तू ऱ्हा, दिवाबत्ती कर. राहिले. आठवड्यात मालक दारात. तुम्ही कोण, पोटभाडेकरू काय? म्हटलं, सख्खी बहीण. तोंडावरनं वाटत न्हाय, म्हणाला. म्हटलं, तुमच्या तोंडावरनं तरी मालक कुठं वाटतोय? गेला गुमान. जिच्यावर जळत आले, तिचीच खोली राखतीया बघा, आणि बहीण म्हणून.

ह्यांचा फोटो पयल्याच दिवशी भिंतीला लावला. खिळा चांगला खोल मारला.

काल तिचा फोन आला, काठी घेऊन चालतीया म्हणं, येती लवकर. ये की, म्हटलं, दुसरं काय म्हणणार? ती आली की मी बोचकं घेऊन परत दारं हिंडायची, ह्या वयात कोण करार करतंय?

देवानं तिचा गुडघा बरा करावा, माझं काय म्हणणं न्हाय. पण सावकाश करावा.