झाडाच्या सुरकुत्या

...आणि वर संपादक मॅडम मलाच विचारतात, हे झाड असं प्लास्टिकच्या नळासारखं गुळगुळीत कसं झालं! आता मी काय बोलणार? मी आपला सुरकुत्या पुसणारा माणूस. म्हणजे कामच आहे हो माझं ते. मासिकासाठी फोटो येतात, मी कॉम्प्युटरसमोर बसतो आणि लोकांच्या चेहऱ्यावरचं वय पुसतो. शाळा मध्येच सुटली, पण हात हलका आहे म्हणतात सगळे.

तर तुम्हाला सांगतो, या वेळी होता पर्यावरण विशेषांक. मुखपृष्ठावर कोण? झुळूक! हो हो, तीच गायिका, सगळे तिला झुळूकच म्हणायचे. माझी आई अजून भांडी घासताना तिचीच गाणी गुणगुणते, शब्द चुकवून. साठी उलटली आता बाईंची. फोटोत एका जुन्या, खडबडीत झाडाला मिठी मारून उभ्या. खाली मोठ्या अक्षरात, ‘निसर्ग जसा आहे तसा स्वीकारा!’ आणि त्याच्या खाली? ‘साठीतही तिशीचं तेज, रहस्य आत!’ आत उघडावं तर ‘नवे कपडे टाळा, पृथ्वी वाचवा’, आणि समोरच्याच पानावर नवे कपडे! अंकाला प्लास्टिकचं वेष्टन, वेष्टनात क्रीमची पुडी फुकट. संपादक मॅडम म्हणाल्या, "हे बघ, बाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं काढून टाक. पण नैसर्गिक वाटलं पाहिजे हं!" सगळं काढायचं, आणि नैसर्गिक... मी काय बोलणार? मी आपला सुरकुत्या पुसणारा माणूस.

मी चेहरा मोठा केला. आता हे कसं सांगू तुम्हाला... चेहरा खूप खूप मोठा केला ना, की तो चेहरा राहतच नाही, मुलूख होतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक पायवाट निघते, तिला फाटे फुटतात, एक फाटा गालावरून उतरून ओठांपाशी येऊन थांबतो. मी निघालो की त्या वाटेनं! लांब कुठंतरी आईचं ते गाणं चाललंय, चुकीच्या शब्दांचं... आणि मनात आलं, ही वाट पुसली तर बाईंचं हसू ये-जा कुठून करणार? हात मात्र चालूच होता हो माझा! फक्त चालता चालता मी गालावरून झाडावर गेलो होतो. भानावर येऊन बघतो तर बाई होत्या तशाच, आणि झाड सोळा वर्षांचं!

छापून काढलेला नमुना बघून मॅडम ओरडल्या, "अरे, झाडाच्या सुरकुत्या काय पुसतोस? तेच तर सौंदर्य आहे! वय दिसायला नको?"

मी हळूच विचारलं, "झाडाचं?"

"झाडाचंच!"

"आणि बाईंचं?"

"वेडा आहेस का तू?"

मी काय बोलणार! सगळं पुन्हा केलं. तो बाद झालेला छापील कागद मात्र गुंडाळून घरी आणला. आई असल्या कागदांनी फडताळाचे कप्पे मढवते. तीही पृथ्वीच वाचवते, पण विशेषांक न काढता.

आता आईचं सांगायला हवं. आई आणि झुळूक एका वयाच्या. मागे एकदा झुळूकचा फोटो आला होता मुखपृष्ठावर, आई बघतच राहिली. "ती बघ, आणि मी बघ," म्हणाली, आणि तेव्हापासून फोटोच काढू देत नाही! तो चेहरा कोणी पुसला होता, हे सांगायला माझी जीभ काही उचलली नाही. ताई राहते परमुलखात, तिची छकुली आता बोलायला लागली आहे. व्हिडिओ कॉल आला की आई फोन धरते छताकडे. छकुलीला विचारा, आजी कुठंय? ती पंख्याकडे बोट दाखवते! हसू नका हो... ताई रडते फोनवर. "एक फोटो पाठव रे आईचा, कसाही."

तर आईनं तो कागद उलगडला आणि थबकली. "अगं बाई... हिलापण सुरकुत्या?" मग त्या वाटेवरून हळूहळू बोट फिरवत गेली, जशी मी गेलो होतो. "किती छान दिसते रे! हसून हसून पडल्यात या." मग केस विंचरले, खिडकीशी जाऊन बसली. "काढ."

काढला! खिडकीतला मऊ उजेड, आई हसलेली, गालावर सगळ्या वाटा उमटलेल्या... माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, अगदी त्या झाडासारखी दिसतेस!"

"झाडासारखी? आधी पुसून टाक त्या सगळ्या! नाहीतर पाठवायचा नाही."

"अगं, झुळूकच्या तुला आवडल्या ना?"

"तिच्या तिला शोभतात!"

पुसल्या. पाठवला. लगेच ताईचा व्हिडिओ कॉल, "अरे, झुळूकचा फोटो काय पाठवतोस? आईचा पाठव ना!" आणि मागून छकुलीचा आवाज, त्यांच्या पंख्याला उद्देशून, "आजी, टाटा!"

आता मी काय बोलणार... मीही आमच्या पंख्याकडे बघून हात हलवला.