गाडी उदबत्ती घेत नाही

...नाही, बिघडायचं तर सरळ बिघडावं ना माणसानं, म्हणजे गाडीनं! सुरूच होत नाही म्हणा, ढकलू. सारखीच तापते म्हणा, तेही समजेल, अकरा वर्षांची झाली. पण आमच्या गाडीचं तसं नाही. जेतपूरहून राजकोटपर्यंत पळवा, काटा अर्ध्याच्या वर जाणार नाही, आणि रेल्वेचं फाटक पडलं म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी करा, की काटा लाल रेघेवर, बॉनेटमधून वाफ, मग इंजिन बंद करा आणि ती निवेपर्यंत पाऊण तास बसा रस्त्याच्या कडेला. धावताना थंड, उभी राहिली की गरम! मी यांना म्हटलं, अहो, मग उभी करूच नका. तर हे म्हणाले, “जल्पाची पाठवणी काय धावत्या गाडीत करायची?”

तिथंच तर सगळं अडलं होतं. जल्पा आमची एकुलती एक, लग्न पाच दिवसांवर, सासर पोरबंदरला. आणि हे, म्हणजे तिचे पप्पा, टॅक्सी चालवतात. लग्नसराईत नवरीची गाडी म्हणून आमच्या भागात याच पांढऱ्या गाडीला बोलावणं येतं. दोनशेच्या वर मुली यांनी सासरी पोचवल्या असतील. कसं असतं, तुम्हाला सांगते, मांडवाच्या दारात हे आधीच गाडी लावणार, एसी लावून आत गारवा करून ठेवणार, मुलीची आई येऊन चाकाला कुंकू-तांदूळ लावणार, चाकाखाली नारळ ठेवणार. आणि यांचा एक नियम, की आईचा हात चाकाला लागला की इंजिन बंद करायचं नाही, ते थेट सासरच्या दारात. आता नारळ ठेवला म्हणून लगेच कुणी निघतं का? मुलगी मामाच्या गळ्यात पडणार, मग काकीच्या, मग मैत्रिणींच्या, तेवढ्यात कुणीतरी ओरडणार की फोईबा, म्हणजे आत्याबाई राहिल्या, मग पुन्हा पहिल्यापासून... पाऊण तास कुठं गेला नाही. तेवढा वेळ हे स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसतात. मागं वळून बघत नाहीत. परक्याच्या मुलीचं रडणं बघू नये म्हणतात. एवढ्या सगळ्या मुलींच्या मागं मनात एकच धरलेलं, की माझी जल्पा माझ्याच गाडीतून जाईल, मी सोडून येईन आणि मुलीच्या घरचं पाणीही न पिता परतेन. व्याही म्हणाले, आमची मोठी गाडी आहे. यांनी हात जोडले, नको म्हणाले. आणि गाडीचं हे असं. धावताना थंड, उभी राहिली की गरम.

मग काय, सगळं गाव डॉक्टर! शेजारचे भगवानजीकाका, तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त, त्यांनी लांबूनच सांगितलं की रेडिएटरमध्ये कचरा आहे. कचरा काढला. लाल पाणी निघालं, काका खूश, गाडी तापलीच. मग माझा भाऊ मनसुख आला राजकोटहून, लग्नाच्या आठ दिवस आधीच, कारण मामा ना तो. त्याचं बोअरच्या मोटारींचं दुकान आहे, त्यामुळं फिरतं म्हणून जे काही जगात आहे ते सगळं त्याला कळतं. तो म्हणाला, थर्मोस्टॅट. नवा बसवला. गाडी तापली. मग रेडिएटरचं झाकण बदललं. मग उस्मानभाई मिस्त्रींनी वॉटर पंप बदलला. उस्मानभाई भला माणूस, बोलतो कमी, ऐकतो जास्त, तो दर वेळी बॉनेट उघडून आधी पंखा बघायचा आणि म्हणायचा, “पंखा तर फिरतोय.” मनसुख म्हणायचा, पंखा फिरतोय. काका म्हणायचे, पंखा फिरतोय. बरं बाबा, फिरतोय. आणि गाडी? धावताना थंड, उभी राहिली की गरम.

आता माझं ऐका. मला गाडीतलं काही कळत नाही, मी दहावी शिकलेली, रांधते-वाढते, घर बघते. पण एक काम अकरा वर्षं माझं. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकासाठी हे गाडी सुरू करून एसी लावतात, आणि मी उदबत्ती घेऊन जाते, गाडीच्या तोंडासमोर तीनदा ओवाळते. तर उदबत्तीचा धूर काय करायचा, माहीत आहे? सरळ आत जायचा. जाळीतून, ओढ लागल्यासारखा. मला केवढं बरं वाटायचं! म्हटलं, गाडी घेते हो आपली उदबत्ती, एकसुद्धा दिवस नाही म्हणत नाही. आणि दिवाळीनंतर एकदम घेईनाशी झाली. धूर सगळा माझ्या तोंडावर. मी बाजू बदलली, धूर तोंडावर. मोगऱ्याची सोडून गुगुळाची आणली, तोंडावर. मंगळवार धरला. मंगळवारीसुद्धा तोंडावरच! डोळे हे असे चुरचुरायचे, पदर लावून घरात यायची, आणि यांना वाटायचं, मी जल्पासाठी रडते. हे मान दुसरीकडे वळवायचे. आता त्यातलं धुराचं किती आणि जल्पाचं किती, ते मलाही नाही सांगता यायचं... म्हणून मीही गप्प.

शेवटी उस्मानभाई अंगणात खाटेवर बसले, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, आता इंजिन खोलून बघावं लागेल, आठ दिवस लागतील. आठ दिवस! लग्न पाच दिवसांवर. हे उठले. आत गेले, फोन घेऊन बाहेर आले आणि व्याह्यांचा नंबर शोधायला लागले. तुम्हाला सांगते, सव्वीस वर्षांच्या संसारात मी यांचं असं तोंड पाहिलं नव्हतं. नंबर समोर आला तरी बोट खाली जाईना.

मग माझ्या तोंडातून निघालंच. म्हटलं, “उस्मानभाई, हसू नका हं. गाडी हल्ली उदबत्ती घेत नाही.”

मनसुख हसला. म्हणाला, “बेन, गाडीला सर्दी झाली असेल, ओवा हुंगायला दे.” काकाही हसले. जल्पा म्हणाली, मम्मी, आत चल. पण उस्मानभाईंनी बशी खाली ठेवली. “घेत नाही म्हणजे?”

म्हटलं, आधी धूर आत जायचा, आता बाहेर येतो.

“कधीपासून?”

म्हटलं, दिवाळीत द्वारकेचं भाडं होतं, वाटेत पंखा बंद पडला, तिथल्याच कुणी दुसऱ्या गाडीचा जोडून दिला, तेव्हापासून बघा.

उस्मानभाई उठले. यांना म्हणाले, गाडी सुरू करा, एसी लावा, म्हणजे पंखा फिरेल. मला म्हणाले, भाभी, उदबत्ती आणा. आणि तो पाच वेळेचा नमाजी माणूस माझी गुगुळाची उदबत्ती हातात धरून गाडीच्या तोंडाशी उकिडवा बसला. धूर सरळ त्याच्या दाढीत! मग खिशातला रुमाल काढला, जाळीला लावून हात सोडला. रुमाल चिकटायला हवा होता, तो उडून खाटेवर पडला. उस्मानभाईंनी तो उचलून खिशात घातला.

“पंखा फिरतोय,” ते म्हणाले, “पण उलटा.”

पंखा दुसऱ्या गाडीचा, त्याचा जोड आमच्या गाडीत बसेना, म्हणून त्या माणसानं वायरी कापून हातानं पिळल्या होत्या, ही तिला आणि ती हिला, वर काळी टेप. गाडी धावली की समोरचा वारा जोरात आत शिरतो, पंख्याला जुमानत नाही, थंड. उभी राहिली की वारा नाही, आणि पंखा आतलीच गरम हवा रेडिएटरवर फेकतो. इतकं साधं! आणि सगळ्यांनी काय बघितलं? फिरतोय. कुठल्या बाजूला, ते कोण बघणार? अहो, मनसुख तर रोज गिऱ्हाइकांना सांगतो, की भाई, पाणी कमी येतंय ना, वायरी उलट लागल्यात, मोटार उलटी फिरतेय! तो आता म्हणाला, “मला पहिल्या दिवशीच शंका होती.” म्हटलं, असेल बाबा. लग्नघर, त्यातून मामा.

दोन वायरी, दहा मिनिटं. मग आम्ही तासभर गाडी अंगणात तशीच चालू ठेवली आणि भोवती बसून गाठिया नि तळलेल्या मिरच्या खात काट्याकडं बघत राहिलो. काटा अर्ध्यावर. हलला नाही. उस्मानभाई जाताना मला म्हणाले, “भाभी, पुढच्या वेळी आधी तुम्हाला विचारीन.” यांनी फोन खिशात टाकला, आणि तेवढ्यात मला दिसलं, यांचेही डोळे ओले होते. आता तिथं तर धूर नव्हता.

मग लग्न झालं. पाठवणीची वेळ आली. झेंडू-गुलाबानं मढलेली गाडी दारात, आत गारवा. मी चाकाला कुंकू लावलं, तांदूळ टाकले, नारळ ठेवला, उदबत्ती ओवाळली. धूर कसा गेला आत, नुसता सरसरून! जल्पा मामाच्या गळ्यात पडली, काकीच्या पडली, आणि कुणीतरी ओरडलं, फोईबा राहिल्या. शेवटी माझ्या गळ्यात पडली, आणि सोडेना. मीही सोडेना. तिच्या खांद्यावरून मला गाडीच्या काचेतून तो काटा दिसत होता, आणि देवाशप्पथ सांगते, मी त्याच्याकडंच बघत होते. म्हटलं, जरा वर जा. थोडासा. फार नाही. लाल रेघेपर्यंत गेलास तर इंजिन बंद करावं लागेल, मग पाऊण तास निवायला, म्हणजे पाऊण तास माझी पोर इथं...

यांनी मला काट्याकडं बघताना पाहिलं. कधी मागं न बघणाऱ्या माणसानं वळून माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, “काटा अर्ध्यावर आहे, जल्पाची आई.”

म्हटलं, हो.

नारळ फुटला, गाडी गेली. आता सगळे भेटतील तिथं माझं कौतुक करतात, की एवढ्या मोठमोठ्यांना जे कळलं नाही ते मुक्ताबेनला कळलं. करा बापडे. मला त्याचं काय मिळालं म्हणाल, तर माझी मुलगी अगदी वेळेवर गेली.