आतून तडकलेलं सील

मी, गल्लीत 'पाववाली मावशी' म्हणून ओळखली जाणारी, वय त्रेपन्न, धंदा बेकरीचा, राहणार बेकरीच्याच वरच्या खोलीत, आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, माझी आई मागच्या महिन्यात वारली. तिचीही बेकरी होती. ती आता भावाने बंद केली आहे. लिहून घेणारे जमादार म्हणाले, सीलच्या चौकशीत आईचं काय काम? काम आहे म्हणूनच सांगते.

आईच्या बेकरीत खमीर होतं. खमीर म्हणजे आंबवलेलं पीठ. त्यातलं थोडं नव्या पिठात कालवलं की पाव फुगतो, आणि उरलेल्यात पुन्हा पीठ-पाणी घालत राहिलं की ते जगतं. आईने ते तिच्या लग्नाआधीपासून जगवलेलं. मी स्वतः बाजारातलं यीस्ट वापरत आले, सोपं पडतं म्हणून. आई गेल्यावर मात्र मला तेच हवं झालं. भावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वहिनीने तेवढे दिवस सांभाळलं आणि मी न्यायला गेले तेव्हा स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरून दिलं. वरून मूठभर कोरडं पीठही घातलं. "वन्सं, वाटेत उपाशी नको राहायला," म्हणाली.

डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला. वाटेत औषधाच्या दुकानात शिरले आणि किल्ली स्कूटरलाच विसरले. बाहेर येते तो स्कूटर गायब. त्याची फिर्याद मी लगेच दिली होती. स्कूटर त्याच संध्याकाळी सापडली, चोरासकट, याबद्दल पोलिसांचे आभारच मानते. पुढे कोर्टाच्या हुकमाने स्कूटर परत मिळाली. डबा मिळाला नाही, कारण पंचनाम्यात 'पांढरट, चिकट, आंबूस वासाचा संशयास्पद पदार्थ, एक डबा, भरलेला' असं लिहिलं गेलं होतं आणि त्यातला चमचाभर नमुना तपासणीला पाठवून डबा सील केला होता. मी म्हटलं, साहेब, हे पीठ आहे हो. मोठे साहेब म्हणाले, "मावशी, ज्याच्याकडे सापडतं तो पीठच म्हणतो."

परवा मला ठाण्यातून बोलावणं आलं. डब्याचं सील तुटलेलं आढळलं होतं. मुद्देमाल खोलीची किल्ली एकट्या हवालदारबाईंकडे असते, आणि रॅक झाडताना सील तुटल्याचं त्यांनीच जाऊन सांगितलं होतं. तरी संशय त्यांच्यावरच. कारण कळलं नाही तर वर अहवाल जाणार आणि बाई घरी बसणार, असं मला बाहेरच्या बाकावरच ऐकायला मिळालं.

विचारल्यावरून सांगते की, मुद्देमाल खोलीत मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले. माझा स्वभाव चौकस आहे, त्यामुळे मी आधी सगळी खोली पाहून घेतली. सुऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून दोरीने बांधलेल्या होत्या, टोकाला बूच लावून. एका दोरीवर कोणाचा तरी ओला सदरा वाळत होता. मी विचारलं, हा पिशवीत का नाही? बाई म्हणाल्या, "ओलं कापड प्लॅस्टिकमध्ये कोंडलं की कुजतं. आधी सावलीत वाळवायचं, मग कागदात बांधायचं." मला ते पटलं. आम्हीही गरम पाव प्लॅस्टिकमध्ये भरत नाही.

डबा मागच्या फळीवर होता. कापडात गुंडाळलेला, वर दोरीची फुली, गाठीवर लाख, लाखेवर ठाण्याचा शिक्का. लाखेचे दोन तुकडे झाले होते. पण गाठ जशीच्या तशी होती. दोरी तटतटली होती, कापडाखाली झाकण वर आलेलं दिसत होतं, आणि डाग आतून बाहेर आलेला होता. मी साहेबांना म्हटलं, हे कोणी उघडलेलं नाही. ते आपलं आपण उठलंय.

साहेब म्हणाले, "आपलं आपण?"

मी म्हटलं, वहिनीने पीठ घातलं, तुम्ही त्याच दिवशी घट्ट बांधलंत. खमीर फुगलं, त्याला जायला जागा नाही. लाख ठिसूळ, ती तडकली.

साहेबांनी मला वेड्यात काढलं नाही. त्यांनी विचारलं, "पुन्हा करून दाखवता येईल?" मी म्हटलं, जिवंत असेल तर येईल. एवढे दिवस त्याला कोणी चिमूटभर पीठ घातलं नव्हतं. बाईंची नोकरी आणि माझ्या आईचं खमीर, दोन्ही त्या एकाच डब्यात होती.

काल सकाळी समोरचा झेरॉक्सवाला आणि न्हावी यांना पंच म्हणून बोलावून डबा उघडला. वर काळपट पाणी साचलं होतं. वास असा की न्हावी दोन पावलं मागे सरला. "मावशी, हे गेलं," म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू केस काप. पाणी ओतलं, ढवळलं, पीठ आणि कोमट पाणी घातलं, झाकण सैल ठेवलं. दुपारपर्यंत काही नाही. मी घरी गेले नाही. बाई जेवायला गेल्या नाहीत. दोघी डब्यासमोर बसून होतो, दवाखान्यात बसतात तशा. दिवस कलता कलता झेरॉक्सवाला डोकावला आणि ओरडला, "बुडबुडा! साहेब, बुडबुडा!" दुकान उघडं टाकून आला होता.

आज सकाळी पुन्हा पीठ घालण्याआधी मी डब्यातून थोडं खमीर काढलं. ते काढावंच लागतं, नाहीतर उतू जातं. ते बाईंनी दिलेल्या चहाच्या पेल्यात ठेवलं. मग डबा काठोकाठ भरला. जमादारांनी स्वतः कापड, दोरी, लाख, शिक्का केला. बाईंनी हात लावला नाही. डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी फाइल उघडली होती, पण पान काही उलटत नव्हते. दुपारी झाकण आपोआप वर आलं, दोरी ताणली आणि लाख 'टक्' करून फुटली. साहेब म्हणाले, "लिहा, आतून." बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी रडले. आनंदाने रडले, आणि आईसाठीही. ती गेली तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत रडायचं राहूनच गेलं होतं.

नंतर साहेबांनी सांगितलं की, तपासणीचा अहवाल आणि कोर्टाचा हुकूम येईपर्यंत डबा देता येणार नाही. यापुढे कापड आणि झाकण सैल राहील, आणि रोज पीठ घालून झालं की जमादार नवं सील करतील. रोज पीठ-पाणी घालायचं काम बाईंनी आपणहून अंगावर घेतलं. माझी त्याला हरकत नाही. किती घालायचं ते मी त्यांना हाताने करून दाखवलं.

मग साहेबांचं लक्ष पेल्याकडे गेलं. "याचं काय?"

मी म्हटलं, हे टाकून द्यायचं असतं.

"मुद्देमाल टाकून देता येत नाही."

तेव्हा बाई बोलल्या. "साहेब, पंचनाम्यात 'एक डबा, भरलेला' असं आहे. डबा भरलेलाच आहे. हे त्याच्या बाहेरचं."

साहेबांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "ठाण्यात कचरा ठेवू नका," आणि टोपी घालून बाहेर गेले.

बाईंनी पेल्यावर कागद ठेवला. त्याला सुईने बारीक भोकं पाडली, दोरी बांधली, लाख लावली नाही. पेला माझ्या दोन्ही हातांत दिला. "मावशी, जाताना टाकून द्या तेवढं," म्हणाल्या. सदर कचरा मला मिळाला आहे. तो मी कुठे टाकणार, हे मला कोणी विचारलेलं नाही, म्हणून त्याबद्दल जबाबात काही नाही.

इथवरचा मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो उतरला आहे. पेला खाली ठेवायचा नसल्याने सही डाव्या हाताने केली आहे, ती माझीच आहे.