देवराईतली झडती

तुम्ही मला सरळ माणूस समजता ना? मग ऐका. एकदा मी लाकूड चोरताना सापडलो, आणि तेही मला कुणी पकडलं नसताना.

कंपनीला गुरुवारची सुट्टी होती. मी आणि आमच्या खात्यातला सदा एसटीने चाकणला गेलो. भुईकोट किल्ल्याची पडकी तटबंदी बघितली आणि शेतांमधून चालत पुढच्या गावच्या देवराईत शिरलो. आत गार सावली. पायाशी एक वाळकं, सरळसोट लाकूड पडलं होतं. मी पडलो फिटर. म्हटलं, "सदा, हातोडीला झकास दांडा होईल." उचललं आणि पिशवीत टाकलं.

बाहेर आलो तर वाटेवर एक म्हातारबाबा उभे. त्यांनी नुसतं बघितलं, आणि माझे दोन्ही हात आपोआप वर गेले!

"हात कशाला वर केलं?" बाबांनी विचारलं.

सदा हसत सुटला. "बाबा, कंपनी सुटली की गेटवर रोज झडती होते आमची. सवय झालीय."

"रोज? चोरी केली न्हाई तरी?"

"तरी."

बाबांनी देवराईकडे बोट केलं. मग म्हणाले, "हितली काडीबी कुनी नेत न्हाई. पर झडती आमी कुनाची घेत न्हाई."

मी मुकाट्याने परत आत गेलो आणि लाकूड होतं तिथे ठेवलं.

दहा वर्षं गेटवर हात वर करत होतो, राव, कधी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत रिकाम्या डब्याशिवाय काही नव्हतं, आणि हात वर करताना पहिल्यांदा लाज वाटली.