तळव्याची नंबरप्लेट

दवाखान्याच्या बाकावर एक शिंपी पायाची जखम बुटात झाकून आपल्या पाळीची वाट बघत होता. शेजारी एक निवृत्त ड्रायव्हर बायकोला समजावत होता.

“डाव्या पायाच्या जखमेचा फोटो मी रोज मोबाईलवर पाठवतो. सिस्टर बघतात. आजवर एकदाही बोलावणं नाही.”

“मग आज का बोलावलं?”

“कौतुक करायला. जखम इतकी छान भरली म्हणून.”

“भरली? सकाळी मोजा भिजला होता तुमचा.”

“हळू बोल. फोटो उजव्या पायाचा पाठवतो. उगाच त्यांच्या डोक्याला ताप कशाला?”

“आणि त्यांना कळणार नाही?”

“तळव्याला काय नंबरप्लेट असते?”

“डाव्या पायाचा अंगठा गेल्या वर्षी इथेच कापला ना?”

ड्रायव्हरने डावा पाय बाकाखाली ओढला.

“मग करतीलच कौतुक. कापलेला अंगठा परत उगवला म्हणून. काढा तो मोजा.”

शिंपीही खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला.