कॉलर घट्ट नव्हती

खडखडखड... आणि मग एकदम काही नाही. मास्तरांचं मशीन असं थांबायचं, ते माझ्या कानात अजून आहे. शिवणकाम मी त्यांच्याकडेच शिकलो. गिऱ्हाईक दारात येऊन बोलायला लागलं की मास्तरांचा पाय पायडलवरून खाली. म्हणायचे, "माणूस बोलतोय ना, मग मशीन गप्प पाहिजे. दोन्ही चालवशील तर टीपही वाकडी जाईल आणि माणूसही." आता तुम्हीच सांगा, ज्याच्या बापानं, म्हणजे मी, हे पन्नास वर्षं पाळलं, त्या पोरानं मला निम्मा करावा?

निम्मा, तुम्हाला सांगतो.

माझा मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. दर रविवारी अकराला कॉम्प्युटरवर भेटतो. कापड बेतायच्या टेबलावर त्यानंच तो बसवून दिलाय. मी साडेदहाला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून तयार... खाली जुनी विजार, कारण खालचं दिसत नाही एवढं आता मलाही कळतं. तर बोलताना याची मान सारखी उजवीकडे. मी पडलो शिंपी. मान वळते म्हणजे काय असणार? कॉलर लागतेय. मीच शिवलेली. म्हटलं, बापाच्या शिलाईला नावं कशी ठेवायची म्हणून पोरगं सोसतंय बिचारं... विचारलंसुद्धा नाही मी. गळा अर्धा इंच सैल धरून दोन नवे शर्ट शिवले आणि पाठवून दिले. पुढच्या रविवारी नवा शर्ट अंगात, आणि मान? उजवीकडेच. म्हटलं, अजून पाव इंच सोडावा लागेल.

मागच्या रविवारी म्हणाला, "बाबा, थांबा, गाडीचं तिकीट दाखवतो, माझ्या पडद्यावरचं सगळं तुम्हाला दिसेल आता."

दिसलं हो, सगळं दिसलं. डावीकडे मी, आणि माझ्या शेजारी दुकान. तयार शर्टांचं. रांगेनं टांगलेले. आणि मिनिटापूर्वी मी काय सांगत होतो? कॉलरच्या आतलं कापड कसं बेतलं म्हणजे मानेला टोचत नाही, ते. तो "हं" म्हणाला होता. मला काय ठाऊक, तो "हं" निळ्या शर्टाला होता.

"अहो बाबा, दोन खिडक्या शेजारी शेजारी लावता येतात. सोय असते ती. सगळेच करतात. तुम्ही दिसताय ना मला? ऐकतोय ना मी?"

दिसताय म्हणे. मी गळ्यातली टेप काढली आणि काचेवर धरली. शर्ट सव्वासात इंच. मी पावणेसहा. म्हणजे निम्मासुद्धा नाही, तुम्हाला सांगतो.

"बाबा, काय मोजताय?"

"तुझं माप घेतोय," म्हटलं. "पुढच्या रविवारपासून राहू दे. पडदा अख्खा मोकळा असेल तेव्हा ये."

आज रविवार. अकरा वाजले, वाजून गेले, कॉम्प्युटरवर मी कापड टाकून ठेवलेलं. हिच्यापाशी हेच सगळं बोलत होतो. ही म्हणजे आमची बायको, चाळीस वर्षं मशीनसमोर त्याच स्टुलावर बसून माझ्या शर्टांना बटणं लावतेय. मध्येच तिनं सुई पुढे केली, "एवढी ओवून द्या." हल्ली सुई माझ्याकडेच येते. दिली ओवून, आणि पुन्हा आपलं सुरू... निम्मा केला गं मला, आपल्या पोटच्या पोरानं, समोर माणूस बोलतोय आणि याचे डोळे भलतीकडे...

"अहो," ती म्हणाली, "गुरुवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले."

"बरं मग?"

"आल्या आल्या तुम्हाला सांगितलं सगळं. काय म्हणाले ते?"

गुरुवार मला लख्ख आठवला, तुम्हाला सांगतो. हिरव्या पडद्याचं काम होतं, जाड कापड, दोरा दोनदा तुटला. ही दारात उभी होती, पिशवी हातातच. बोलत होती. बराच वेळ बोलत होती. आणि मी म्हणालो होतो...

"हं."

पुढचं काही आठवेना. मशीन थांबलं, तेव्हा कळलं की आत्तासुद्धा ते चालूच होतं.

 तिनं सुई रिळात खोचली, दाराच्या चौकटीला हात लावून अंदाज घेतला, आणि आत गेली.